खिडकी बंद न करता

आईला इन्सुलिन सुरू होऊन दीडेक महिना झाला होता, तेव्हा आमच्या घरी केशरी टोपणाच्या सिरिंजा आल्या. त्याआधीच्या सगळ्या लाल टोपणाच्या होत्या. नेहमीच्या दुकानातल्या संपल्या होत्या म्हणून दुसऱ्या दुकानातून आणल्या, एवढंच घडलं होतं. आई २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढायची. नव्या सिरिंजवरही २० ची खूण होतीच. चार-पाच दिवसांत साखर चढायला लागली आणि आम्ही सगळ्यांनी तिलाच बोल लावला, की तू चोरून गोड खातेस. तिनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात ती गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर गेली. आतल्या माणसानं इन्सुलिनची बाटली पुढे सरकवण्याआधी विचारलं, "काकी, सिरिंज हाडल्या? दाखय पळोवया." पिशवीतून केशरी टोपण बाहेर आलं आणि सगळा उलगडा झाला.

भारतात बाटलीतून मिळणारं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं. त्याच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमध्ये बसणाऱ्या नळीतलं इन्सुलिन मात्र एका मिलिलिटरला १०० युनिटचं. त्या ताकदीच्या सिरिंजचं टोपण केशरी. १०० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे फक्त ०.२ मिलिलिटर. तेवढ्या जागेत ४० ताकदीचं इन्सुलिन भरलं तर पोटात जातात ८ युनिट. आई आठवडाभर वीसच्या जागी आठ घेत होती. उलटं झालं असतं, म्हणजे १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं असतं, तर २० च्या खुणेला ५० युनिट गेली असती. अडीचपट. रात्री झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही, ते अशा चुकीनं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सगळ्या राज्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. प्रौढ माणसांत चारातलं एक. लाल टोपण की केशरी, हा प्रश्न त्यामुळे आमच्या एका घरापुरता उरत नाही.

आता त्या खिडकीमागच्या माणसाकडे वळतो. लोक त्याला अजून कंपाउंडर म्हणतात. औषधं खलून, मिसळून, कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत भरून देण्याचा काळ गेला, तरी नाव राहिलं. महाराष्ट्राच्या सरकारी कागदावर तो औषधनिर्माण अधिकारी असतो, गोव्यात फार्मासिस्ट. पेडणे तालुक्यात तुये आणि कासारवर्णे, डिचोली तालुक्यात डिचोली, साखळी आणि मये इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या खिडक्यांवर सकाळी उभं राहून बघावं. हातात केसपेपर, काखेत मूल, मागे रांग. रांगेत तालुक्याबाहेरची, राज्याबाहेरचीही माणसं असतात. महाराष्ट्रातलं दोडामार्ग डिचोलीला लागून आहे आणि बांदा, सातार्डा पेडण्याला. एका माणसाच्या वाट्याला फार तर मिनिट-दीड मिनिट येतं. तेवढ्यात फार्मासिस्टनं डॉक्टरचं अक्षर लावायचं, मात्रा बरोबर आहे का बघायचं, सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांतली नेमकी उचलायची आणि रुग्णाला कळेल असं सांगायचं. शिवाय मागच्या कोठारात कुठल्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का ते लिहून ठेवायचं, पावसात वीज गेली तर लसींचं काय करायचं ते ठरवायचं.

यातली प्रत्येक गोष्ट शिकावी लागते आणि पुन्हा पुन्हा शिकावी लागते, कारण औषधं बदलत राहतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध चुकून रोज घेतलं गेलं की तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. जगभर ही चूक घडते. ती अडवू शकणारा शेवटचा जाणकार माणूस बहुतेक वेळा खिडकीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जागतिक मोहीम हाती घेतली. अशा चुकांपायी जगाला वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा तिचा अंदाज होता.

मग हा माणूस शिकतो कधी?

जुन्या नियमांनुसार डिप्लोमा करणाऱ्यानं दोन वर्षं अभ्यास करायचा आणि ५०० तास प्रत्यक्ष काम शिकायचं. त्यातले निम्मे तास चिठ्ठ्यांवरून औषधं देण्यात जायचे. पुढे नोकरी लागली की वीस-तीस वर्षं त्याच शिदोरीवर. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी थोडी जाग आणली. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत किमान दोन उजळणीवर्ग केले पाहिजेत, प्रत्येक किमान एका दिवसाचा. पाच वर्षांत दोन दिवस. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पण १८०० पेक्षा जास्त दिवसांत दोनच दिवस शिकण्यासाठी, हे गणित मला झोंबतं.

त्यातही ते दोन दिवस काढायचे कसे? पेडण्याहून किंवा डिचोलीहून पणजी तासाभराच्या अंतरावर आहे. महाराष्ट्रातल्या गडचिरोलीच्या मानानं हे अंतर काहीच नाही, आणि म्हणून गोव्यात कुणाला हा प्रश्न वाटतच नाही. पण अडचण रस्त्याची नाहीच. लहान केंद्रात खिडकीवर एक, फार तर दोन माणसं. तो प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी खिडकी बंद, नाही तर तिथे कुणी तरी हंगामी हात. रांगेतली म्हातारी मोरजीहून किंवा लाटंबार्सेहून बस बदलून आलेली असते. प्रशिक्षणाची खरी किंमत तिच्या परत गेलेल्या फेरीत मोजली पाहिजे.

हीच अडचण, याहून कितीतरी तीव्र रूपात, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे. माली, बुर्किना फासो, सेनेगल, कॅमेरून या देशांत रुग्णालयाचा फार्मासिस्ट राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर एकटा काम करत असतो. त्याची शिक्षणाची भाषा फ्रेंच, आणि औषधविद्येतलं नवं लेखन बहुतेक इंग्रजीत. इथे स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराच्या विद्यापीठ रुग्णालयांनी पुढाकार घेतला. तिथले डॉक्टर आंत्वान गाइसब्यूलर यांनी २००० च्या सुमारास मालीपासून दूरवैद्यकाचं जाळं विणायला घेतलं. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला राफ्ट म्हणतात. दूरच्या रुग्णालयातल्या माणसाला मंद इंटरनेटवरसुद्धा व्याख्यान ऐकता यावं, पडद्यावरचं चित्र बघता यावं आणि प्रश्न विचारता यावा, अशी त्याची रचना होती. आधी शिकवणारे युरोपातले होते. हळूहळू आफ्रिकेतल्याच डॉक्टरांनी व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. त्याच रुग्णालयांच्या फार्मसी विभागानं साधनं कमी असलेल्या देशांतल्या रुग्णालयीन फार्मासिस्टांसाठी 'फार्म-एड' नावाची फ्रेंच अभ्यासमाला उभी केली. औषधांचा साठा, चुका टाळणं, रुग्णालयातच औषध बनवणं, असे रोजच्या कामातले विषय, आपल्या जागी बसून शिकण्यासारखे.

या गोष्टीत गोमंतकीय वाचकाला एक ओळखीची खूण सापडायला हवी. एके काळी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या आफ्रिकेला औषधविद्या पुरवणारा प्रदेश गोवाच होता.

१८४२ मध्ये पणजीत पोर्तुगिजांनी वैद्यकीय शाळा काढली आणि तिच्याबरोबर औषधशास्त्राचं शिक्षणही सुरू झालं. आजचं गोवा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आपला वंश तिथवर नेतं आणि आशियातली सर्वांत जुनी फार्मसी संस्था म्हणवतं. बाकीच्या भारतात महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं विद्यापीठीय शिक्षण सुरू केलं ते १९३२ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी. गोव्याच्या शाळेतून शिकलेली माणसं मोझांबिक, अंगोला अशा पोर्तुगीज वसाहतींत गेली आणि तिथल्या दवाखान्यांची घडी त्यांनी बसवली. मात्र हे सगळं शिक्षण पोर्तुगीज भाषेत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेल्या नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत, मुलं शिकत ती मराठी शाळेत, गुरुजींपुढे बसून. त्या मुलाला पणजीच्या औषधशाळेचा उंबरठा ओलांडायचा तर आधी पोर्तुगीज पार करावी लागे. पणजीच्या फार्मसीचं ज्ञान समुद्र ओलांडून मोझांबिकमधल्या लॉरेन्सो मार्किसला पोचलं, पण पेडण्याला पोचायला फार वेळ लागला. मला या विषयात ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. ज्ञानाची वाट किलोमीटरवर ठरत नव्हती, भाषेवर ठरत होती.

आज पोर्तुगीजची जागा इंग्रजीनं घेतली आहे. औषधाची पट्टी इंग्रजीत, पाठ्यपुस्तक इंग्रजीत, डॉक्टरची चिठ्ठी लॅटिनच्या तुकड्यांत, आणि खिडकीपलीकडचं माणूस बोलतं पेडण्याची कोकणी किंवा मालवणी, वाचतं मराठी पेपर. फार्मासिस्टला स्वतःला इंग्रजी येतं. अडतं ते पुढे. "आफ्टर फूड" असं शिकलेला माणूस "जेवल्यार" म्हणेल, पण सकाळी फक्त पेज पिऊन कामाला जाणाऱ्या बाईनं ती गोळी पेजेनंतर घ्यायची की दुपारच्या शीतकडीनंतर? "एक चमचा" म्हणजे घरातला कुठला चमचा? पॅरासिटामॉलचं लहान मुलांचं औषध ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं. पहिल्या बाटलीचा एक माप चमचा त्याला बरोबर, दुसऱ्या बाटलीचा तोच चमचा जास्त. हे समजावून सांगण्याचं शिक्षण इंग्रजीत घेता येत नाही. फ्रेंच आफ्रिकेसाठी फ्रेंच अभ्यासमाला झाली, तशी आपल्या फार्मासिस्टांसाठी मराठीत आणि कोकणीत व्हावी असं मी म्हणतो, ते याच कारणासाठी. थोडी सोय आधीच आहे. देशाच्या औषधदक्षता कार्यक्रमात औषधाचा वाईट परिणाम रुग्णानं स्वतः कळवण्याचा अर्ज मराठीतही निघाला आहे, आणि १८००१८०३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. पण तो अर्ज रुग्णाच्या हाती ठेवणार कोण, तर खिडकीतलाच माणूस; आणि त्याला तो कसा भरायचा हे कुणी दाखवलेलं असलं पाहिजे.

ऑनलाइन शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे करोनाच्या वर्षांतला कंटाळवाणा पडदा येतो: कुणी तरी तासभर स्लाइड वाचतं आहे आणि बाकीचे कॅमेरा बंद करून चहा पितात. शिक्षण म्हणून ते मला नकोच आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये निराळी रीत धरली. कावीळ क प्रकारच्या रुग्णांना अल्बुकर्कीच्या त्यांच्या दवाखान्यात महिनोन् महिने ताटकळावं लागे. त्यांनी आडगावच्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा पडद्यावर जमवायला सुरुवात केली. प्रत्येकानं आपला खरा रुग्ण मांडायचा, नाव न सांगता, आणि सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, आडगावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. फरक नाहीच म्हणा. इको नावानं ओळखली जाणारी ही रीत पुढे भारतातही आली. बंगळूरच्या निम्हान्सनं ती मानसिक आरोग्यासाठी वापरली.

पेडणे-डिचोलीच्या फार्मासिस्टांसाठी अशी बैठक भरली तर पहिला विषय मी सर्पदंशाचा घेईन. काजूच्या बागा, भातशेती, चिरेखाणी, रात्रीची वाट. या दोन्ही तालुक्यांत हे सगळं आहे. भारतात मिळणारं विषउतार नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं. समजा, सहा वर्षांच्या मुलाला घोणस चावली आहे. मोठ्या माणसाला सुरुवातीला ८ ते १० कुप्या देतात. मुलाला किती? बालरुग्णाची मात्रा वजनावर काढायची, हे फार्मासिस्टच्या हाडीमाशी मुरलेलं असतं, त्यामुळे तो कपाटातून निम्म्याच कुप्या काढेल. इथे ते चूक आहे. मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात. साप मूल बघून कमी विष सोडत नाही, आणि विषउतार द्यायचं ते शरीराच्या वजनाला नव्हे, आत गेलेल्या विषाला. हे एकदा डोक्यात उतरलं की जन्मभर विसरत नाही. पुढचा प्रश्न आपोआप येतो: भुकटीच्या रूपातलं विषउतार साध्या तापमानाला टिकतं, पातळ असलेलं फ्रीजमध्येच ठेवावं लागतं, आपल्या कपाटात कुठलं आहे? उत्तर सांगायला प्रत्येकाला उठून कपाट उघडावं लागेल. वीस मिनिटांचा असा पाठ दुपारी रांग ओसरल्यावर होऊ शकतो आणि त्यासाठी खिडकी बंद करावी लागत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे: हातानं शिकायचं ते पडदा शिकवू शकत नाही. काही लसी, उदाहरणार्थ त्रिगुणी किंवा हेपटायटिस ब, गोठल्या की निकामी होतात, आणि गोठून पुन्हा वितळलेली बाटली वरून चांगलीच दिसते. ती ओळखायची हलवून बघण्याच्या चाचणीनं: एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयातली तिच्या शेजारी धरायची, दोन्ही हलवून ठेवायच्या आणि गाळ कुठल्या बाटलीत लवकर बसतो ते बघायचं. व्हिडिओत हे दोन मिनिटांत दाखवता येतं. पण उजेडापुढे बाटली धरून "बसला" की "बसला नाही" हे ठरवणारा डोळा सरावानं तयार होतो, आणि त्या वेळी शेजारी कुणी तरी जाणता असावा लागतो.

जिनिव्हाच्याच रुग्णालयाचं दुसरं उदाहरण आहे, हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाचं. डॉक्टर दिदिए पित्ते यांच्या गटानं ज्याचा पाठपुरावा केला, त्या द्रावणाची कृती जागतिक आरोग्य संघटनेनं खुली ठेवली. दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग ७२ तास झाकून ठेवायचं, म्हणजे भांड्यातल्या किंवा मद्यार्कातल्या जंतूंची बीजं पेरॉक्साइडनं मरतात. मालीत बामाकोच्या रुग्णालयात ते तिथेच बनवून वापरलं गेलं. २०२० मध्ये आपल्या देशातही बाटली मिळेना, तेव्हा हीच कृती कामी आली. कृती कागदावरून सगळ्यांना कळते. पण मद्यार्काची ताकद मोजणारी काचेची नळी वाचणं, ज्वलनशील पदार्थ उन्हात न ठेवणं, ते ७२ तास घाई न करणं, हे कुणी तरी हात धरून शिकवावं लागतं. म्हणून पडद्यावरच्या पाठांबरोबर वर्षातून एकदा जाणत्या माणसानंच केंद्रांवर यावं, फार्मासिस्टनं पणजीला जाण्याऐवजी. गोव्याएवढ्या लहान राज्यात हे सहज जमण्यासारखं आहे.

अशा अभ्यासमालेचे पाठ कुणी बनवायचे, असा प्रश्न मला विचारला गेला तर मी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांबरोबर खिडकीवरच्या माणसांनाही बसवीन. आमच्या आईला त्या दिवशी जे शिकवलं गेलं ते कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा चांगलं होतं. त्या माणसानं लाल टोपणाची एक आणि केशरी टोपणाची एक सिरिंज घेतली, दोन्हींत २० च्या खुणेपर्यंत साधं पाणी ओढलं आणि खिडकीच्या फळीवर दोन वेगळ्या झाकणांत ते सोडलं. एका झाकणात तळ भरला, दुसऱ्यात दोन-चार थेंब. आईला आकडे समजावून सांगायची गरजच पडली नाही. आता वाड्यावर कुणाला नवं इन्सुलिन लागलं की ते माणूस आमच्या सोप्यावर येतं, आणि आई आतून दोन सिरिंजा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते.